जिताड्याचे सोबती

चंद्रावतीचा कुणावर विश्वास नव्हता आणि ही गोष्ट तिनं कधी लपवलीही नाही. दुधवाल्याच्या देखत ती दुधात बोट बुडवून बघायची. मिनीडोरवाला "आता निघालोच" म्हणाला, की आधी त्याला इंजिन चालू करायला लावायची आणि मगच आत पाय टाकायची. खोलीला कुलूप घातलं की ओढून बघायची, वडापर्यंत जाऊन परत यायची आणि पुन्हा एकदा ओढायची. गडब गावच्या बाया तिला पाठीमागे सीआयडी म्हणत. तिला ते ठाऊक होतं. त्यातली आधी कोण म्हणाली, तेही ठाऊक होतं.

जन्मतःच काही ती अशी नव्हती. पेणच्या पलीकडे, खाडीकाठी मिठागरात राबणाऱ्या घरातली ती मुलगी. हसरी, बोलकी, कुणी हाक मारली की ओळख नसताना ओ देणारी. लग्न होऊन रोह्याला गेली. नवरा रघू धाटावच्या एका केमिकल कंपनीत कामाला होता. शिफ्टची नोकरी. चंद्रावती डबा भरून द्यायची, तो सायकलला अडकवून निघायचा, आणि परत आलेला डबा घासूनपुसून लखलखीत असायचा. आळीतल्या बाकीच्या बायकांचे डबे वाळलेल्या आमटीचे ओघळ घेऊन घरी येत. चंद्रावतीला नवऱ्याचं कोण कौतुक वाटे.

मुलगी सरू रांगायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी चंद्रावतीनं डबा उघडला आणि तिला लिंबाच्या साबणाचा वास आला. तिच्या घरी भांडी राखेनं घासत. कंपनीत साबण ठेवला असेल म्हणून तिनं शेजारणीला सहज विचारलं. तिचा नवराही त्याच कंपनीत होता. शेजारीण म्हणाली, तिथे प्यायला धड पाणी मिळत नाही, साबण कुठला?

रघूला तिनं काही विचारलं नाही. तो डबल पाळी आहे म्हणून सांगून गेला, त्या संध्याकाळी सरूला कडेवर घेऊन ती कंपनीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. वॉचमन म्हणाला, डबल पाळी बंद होऊन महिने झाले. मग तिनं दुसऱ्या दिवशी माग काढला. नदीपलीकडच्या अष्टमी गावात एका घराच्या उंबऱ्यावर रघू बसला होता. मांडीवर एक तान्हं मूल, समोर सूप, आणि तो वालाच्या शेंगा सोलत होता. स्वतःच्या घरी त्यानं कधी शेंगेला हात लावला नव्हता. चंद्रावती तिथूनच वळली, घरी जाऊन कपड्यांचं बोचकं बांधलं आणि पेणच्या एसटीत बसली. रोह्याला पुन्हा पाय ठेवायचा नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण पुढे बरीच वर्षं पाळलं.

एकदा संशय खरा ठरला की माणसाला त्याचाच आधार वाटायला लागतो. तो वास आला नसता तर आपण जन्मभर हसत डबे भरत राहिलो असतो, असं तिला वाटायचं. म्हणून मग ती सगळंच हुंगून घ्यायला लागली.

भावाकडे काही वर्षं काढून ती गडबला आली. हायवेला लागून हैबतरावांचं हॉटेल होतं, मच्छीच्या ताटासाठी नावाजलेलं. तिथे मासे साफ करायचे, वाटण वाटायचं, असं काम तिनं धरलं. हॉटेलच्या मागे राहायला खोली मिळाली. सरू मोठी झाली, पेणला एका कारखान्यात गणपती रंगवायला जायला लागली. दिवस बरे चालले होते, एवढ्यात हैबतरावांच्या डोक्यात टाकीचं खूळ शिरलं.

कुणा गिऱ्हाइकानं त्यांना दुबईच्या हॉटेलातला फोटो दाखवला होता. भिंतभर काच आणि आत जिवंत मासे. झालं. हैबतरावांनी दर्शनी हॉलमध्ये, आइस्क्रीमच्या फ्रीजशेजारी, जाड काचेची भलीमोठी टाकी बसवून घेतली. आत सोडायला दुसरातिसरा कुठला मासा नाही, तर जिताडाच हवा. जिताडा म्हणजे इकडचा मानाचा मासा. साहेबाकडे काम असलं की आधी जिताडा जातो, मागून अर्ज जातो. उधाणाच्या भरतीला खाडीलगतच्या शेतात शिरलेला एक हातभर लांबीचा जिताडा त्यांनी जिवंत मिळवला आणि पाण्याच्या पिंपातून टेम्पोनं आणला. रुपेरी अंग, पाठीला हिरवट झाक, तिरपं कपाळ आणि हे एवढं तोंड. टाकीत सोडल्यावर तो कोपऱ्यात जाऊन जो थांबला, तो हललाच नाही. गिऱ्हाइकं यायची, बघायची आणि विचारायची, "मेलेला आहे का?"

एकटा मासा शोभत नाही, हे हैबतरावांच्या ध्यानात आलं. पेणच्या एसटी स्टँडजवळ दिनानाथचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिथून त्यांनी खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे आणले, पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाएवढे. संध्याकाळी टाकी अशी सजली की रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. सकाळी टाकीत जिताडा एकटाच होता. पोट तेवढं थोडं फुगलेलं.

सगळे हसले. चंद्रावती हसली नाही. दिनानाथचा धंदा माशांचा. जिताड्याच्या तोंडात काय मावतं ते त्याला कळत नाही होय? कळूनसवरून दिले असणार, म्हणजे शेठ पुन्हा येतील, पुन्हा नेतील. हे तिनं हैबतरावांना बोलून दाखवलं. हैबतराव म्हणाले, "मग तूच बघ बाई. खाडीकाठची आहेस. तुला कोण फसवणार?"

तशी टाकी तिच्याकडे आली. आणि खरं सांगायचं तर तिचा स्वभाव तिथे कामाला आला. जिताडा दातांनी तोडत नाही, अख्खा गिळतो. म्हणजे त्याच्या तोंडात मावणार नाही असाच सोबती हवा. एवढं खाडीकाठचं पोरही सांगेल. चंद्रावती त्याच्या पुढे जायची. कुठलाही नवा मासा ती थेट टाकीत सोडायची नाही. मोरीतल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात, खाडीच्या पाण्यात, त्याला वेगळा ठेवायची आणि येताजाता निरखायची. खातो काय? किती अधाशीपणानं खातो? दुसऱ्याच्या अंगावर जातो का? दडी मारून बसतो का? अंगावर पांढरे ठिपके, बुरा काही आहे का? मुलीला स्थळ बघतानाही कुणी एवढ्या चौकशा करत नसेल. सरूला येणाऱ्या स्थळांच्या मात्र ती याहून जास्त करायची, त्यामुळे सरू अजून घरीच होती.

दिनानाथनं एक सापासारखी लांबडी वाम देऊ केली, चंद्रावतीनं नाकारली. जी दिवसभर दगडाआड तोंड लपवते तिच्या मनात काय आहे ते कसं कळायचं? चिंबोरी, म्हणजे मोठा खेकडा, ती तर दारातूनच परत गेली. नांगी असलेल्याला घरात घ्यायचं नाही. शेवटी तिनं तळहाताहून रुंद अशा काळुंद्र्या निवडल्या. उंच चपट्या अंगाच्या, काटेरी पाठीच्या, गिळायच्या म्हटल्या तरी तोंडात आडव्या अडकतील अशा. जोडीला दिनानाथकडचे ठिपक्यांचे दोन चपटे मासे. आणि खाडीतली मोठी मोठी बोयटं, कारण ती सतत फिरती असतात आणि टाकीला जाग येते. भरतीचं पाणी टेम्पोनं यायचं, ते ती जिभेला लावून बघायची आणि मगच ओतू द्यायची.

एक सोबती मात्र तिच्या परीक्षेतून न जाता आला. हैबतरावांच्या ओळखीच्या एका कोळ्यानं गंमत म्हणून एक केंड आणून दिला. गोलमटोल, गिड्डा, बटणासारखे डोळे, भ्याला की पोट फुगवून चेंडू होणारा. पोरांनी टाकीला गर्दी केली. हैबतरावांनी तो सरळ टाकीत सोडला. चंद्रावती पहिले काही दिवस त्याच्यावर डोळा ठेवून होती, पण केंडानं तिला जिंकलं. ती काचेजवळ आली की तो तुरुतुरु पुढे यायचा, तिच्या बोटातून कोळंबी घ्यायचा, काचेला तोंड लावून तिच्याकडे बघत राहायचा. आपल्याला बघून कुणाला आनंद होतो, असं तिच्या बाबतीत बऱ्याच वर्षांत घडलं नव्हतं. ती त्याच्याशी हळू आवाजात बोलायची. त्याचं पोट तेवढं सदा भरलेलं असावं, याची काळजी घ्यायची.

पावसाळा सरला आणि टाकीत काहीतरी बिघडलं. जिताड्याच्या शेपटीची कड कुरतडल्यासारखी दिसायला लागली. एका काळुंद्रीचा पंख झिरझिरीत झाला. आणि बोयटं कमी व्हायला लागली. मधेच एक नाही, मग आणखी एक नाही. जिताड्याच्या तोंडात ती मावणारी नव्हती. टाकीत काटा नाही, खवला नाही. गेली कुठे?

माशाला पाय फुटत नाहीत, कुणीतरी नेल्याशिवाय तो जात नाही, असा चंद्रावतीचा हिशेब. आणि नेणारा कोण, हे तिच्या मनानं आधीच ठरवून टाकलं होतं. मोरू.

मोरू हॉटेलचा आचारी. चंद्रावतीनंतर वर्षभरानं आलेला, पन्नाशीचा, अबोल माणूस. त्याच्या हाताला चव होती, कुणाशी तंटा नाही, दारू नाही. पण तो रोह्याचा होता, आणि तिला तेवढं पुरेसं होतं. शिवाय सुट्टीच्या आदल्या दिवशी तो हटकून तिच्याशी बोलायला यायचा. सरू बरी आहे ना? हल्ली काय करते? स्थळं बघताय का? एवढं विचारायचा आणि सकाळी कासू स्टेशनला जाऊन रोह्याची गाडी धरायचा. आचाऱ्याला दुसऱ्याच्या पोरीच्या एवढ्या चौकशा कशाला? त्या विचारण्याला चंद्रावतीला पुन्हा तोच लिंबाच्या साबणाचा वास यायचा.

ज्या दिवशी दोन बोयटं एकदम नाहीशी झाली, त्याच दिवशी दुपारच्या ताटात बोयटाची तुकडी होती. चंद्रावतीनं मोरूला विचारलं, बोयटं कुठून आली? तो म्हणाला, पेणच्या बाजारातून, आणखी कुठून? ती सरळ हैबतरावांच्या गल्ल्यापाशी गेली आणि मनातलं सगळं ओकून आली.

हैबतरावांनी भर हॉलमध्ये मोरूला बोलावून विचारलं. वेटर उभे, दोन टेबलांवर गिऱ्हाइकं. मोरूनं आधी टाकीकडे बघितलं, मग चंद्रावतीकडे. ती नजर तिला कळली नाही. राग नव्हता त्यात. पकडला गेलेल्या माणसासारखं मात्र काहीतरी होतं, आणि तेच तिनं मनात धरलं. तो एवढंच म्हणाला, "मी टाकीला हात लावलेला नाय, शेठ." मग खांद्यावरचं फडकं खिळ्याला अडकवून, चुलीवरचा रस्सा तसाच उकळता ठेवून तो बाहेर पडला आणि हायवेवर जी पहिली गाडी मिळाली तिच्यात बसला.

चंद्रावतीला त्या दिवशी जेवण गोड लागलं. दोन दिवसांनी आणखी एक बोयट गेलं.

आता दुसरं कुणी असतं तर थांबून विचार केला असता. चंद्रावतीनं हॉटेलचं कुलूप बदललं. मोरूकडे किल्ली असणार, तो मुद्दाम येऊन नेत असणार. कुलूप बदलल्यावरही एक गेलं. मग तिला वेटरांचा संशय आला, मग टेम्पोवाल्याचा. दिनानाथचा माणूस पाईप दुरुस्त करायला आला होता, त्याची तिनं जाताना पिशवी तपासली. शेवटी तर खुद्द हैबतरावच चोरून खात असतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं. नव्या आचाऱ्याच्या हातचं कुणाला आवडत नव्हतं, गिऱ्हाईक कमी झालं होतं, हैबतराव चिडचिडे झाले होते, आणि टाकीत बोयटं दोनच उरली होती.

एका दुपारी लोडशेडिंग होतं. जेवणाची वेळ टळली होती, हॉल रिकामा होता. चंद्रावती टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती. काचेआड मासे सावल्यांसारखे फिरत होते. अचानक लाईट आली. टाकीवरची ट्यूब फडफडून पेटली, आणि त्याच क्षणी एक बोयट पाण्यातून तिरासारखं उसळलं. हवेच्या नळ्यांसाठी झाकणाचा एक कोपरा उघडा ठेवलेला होता. त्या फटीतून ते बाहेर आलं, हवेत चमकलं आणि फ्रीजच्या मागे जाऊन पडलं. आतून पत्र्यावर थडथड ऐकू आली.

वेटरांना बोलावून तिनं फ्रीज ओढायला लावला. ताजं बोयट तिथे उडत होतं. त्याच्या शेजारी काड्यांसारखी वाळलेली, मुंग्या लागलेली आणखी काही पडली होती. फ्रीजच्या मागच्या गरम हवेनं त्यांचं आयतं सुकट झालं होतं, आणि मच्छीच्या हॉटेलात मच्छीचा वास आला तर नाक कोण मुरडणार? जी तिथे सापडली नाहीत ती मांजरानं नेली असणार. फ्रीजखालून पंजाच्या खुणा आत गेल्या होत्या.

बोयट उडी मारतं हे चंद्रावतीला लहानपणापासून माहीत होतं. खाडीत जाळं ओढताना बोयटं जाळ्यावरून पलीकडे उड्या मारतात, म्हणून तिचा बाप जाळ्याची वरची कड हातानं उंच धरायचा. सगळ्या जगाला माहीत असलेली गोष्ट. एवढे दिवस ती तिच्या डोक्यात आलीच नाही, कारण डोक्यात जागाच नव्हती. तिथे मोरू बसला होता.

ती पुन्हा खुर्चीत येऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. त्यामुळे दुसरी गोष्टही तिला बघावी लागली. जिताडा नेहमीसारखा कोपऱ्यात स्थिर होता. केंड हळूहळू, इकडेतिकडे बघत असल्यासारखा, त्याच्या मागे गेला. शेपटीशी थांबला. एक लचका तोडला आणि तुरुतुरु पुढे येऊन काचेला तोंड लावून चंद्रावतीकडे बघायला लागला. तसाच, रोजच्यासारखा.

त्यातून तिला आणखी एक आठवलं आणि ती हादरली. केंडाच्या अंगात विष असतं. खाडीकाठी तो कुणी मांजरालाही टाकत नाही. उद्या जिताडा पिसाळून त्याला गिळता, तर जिताडाही गेला असता. तिनं बादली घेतली, कोळंबी दाखवून केंडाला पृष्ठभागावर बोलावलं, आणि तो विश्वासानं आला. दुसऱ्या दिवशी टेम्पोबरोबर जाऊन तिनं स्वतःच्या हातानं त्याला खाडीत सोडलं. पोट फुगवून तो थोडा वेळ पाण्यावर तरंगत राहिला, मग गेला.

हैबतरावांना सगळं सांगितल्यावर ते कपाळाला हात लावून म्हणाले की मोरूला फोन करून बोलवून घेतो. चंद्रावती म्हणाली, "नको शेठ. मी जाते."

कासूला तिनं रोह्याची गाडी धरली. नागोठणं मागे पडलं तसा तिनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. स्टेशनात उतरल्यावर ती प्रत्येक पन्नाशीच्या माणसाच्या तोंडाकडे बघत होती. रघू दिसला तर काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. मोरू बाजारातल्या एका खानावळीत कामाला लागल्याचं हैबतरावांनी सांगितलं होतं. तो मागच्या दाराशी पाटीभर कोथिंबीर निवडत बसलेला सापडला. तिला बघून उठला आणि बसायला पाट दिला. ती बसली नाही.

फ्रीजमागचं सगळं तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. काही गाळलं नाही; कुलूप बदललं तेही सांगितलं. मग म्हणाली, "मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, मोरूभाऊ. माझं चुकलं."

मोरूनं कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या मोडल्या. मग त्यानं मान वर न करता सांगितलं, "मासे मी नाय खाल्ले. पण दुसरं केलंय. तुझा संशय अगदीच खोटा नव्हता, बाय."

आणि त्यानं सांगितलं ते असं. रघू त्याच्याच आळीत राहायचा. आता त्याची दुसरी बायको वारली होती, पोरगा मुंबईला निघून गेला होता, कंपनीतल्या कामानं छाती गेली होती. पण त्याच्या कितीतरी आधी, चंद्रावती गडबला असल्याचं रघूला कळलं, तेव्हा त्यानं मोरूची विनवणी केली होती. हैबतरावांकडे आचारी हवाच होता. मोरू आला, आणि दर सुट्टीला जाऊन सरूची खबर रघूला देत राहिला. शाळा सुटली, कारखान्यात लागली, ताप आला, बरी झाली. एवढंच. कधी निरोप आणला नाही, कधी काही मागितलं नाही. पण लपवलं होतं, आणि हैबतरावांनी हॉलमध्ये बोलावलं तेव्हा त्याला वाटलं होतं की तेच उघडं पडलं.

चंद्रावती आता बसली. इतकी वर्षं एक डोळा तिच्या घरात होता आणि तिनं तो हुंगून काढला होता. फक्त गुन्ह्याचं नाव चुकलं होतं. तिला संताप आला. ती मोरूला लागेल असं बोलली, की तुम्ही चोर नाही पण चोराची सावली आहात, माझ्या पोरीचे दिवस नेऊन त्याच्या ताटात वाढलेत. मोरूनं ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "त्याला सरूचं काय ऐकायला आवडतं?"

"गणपतीचे डोळे तीच रंगवते, हे सांगितलं तेव्हा रडला होता," मोरू म्हणाला. "पुढच्याच आळीत हाय. जायचं तर दाखवतो."

ती नाही म्हणाली. परतीची गाडी धरून ती कासूला उतरली. रघूला भेटली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण घरी आल्यावर चुलीशी बसून तिनं सरूला सगळं सांगितलं आणि पत्ता दिला. म्हणाली, "जायचं का नाय ते तुझं तू बघ. माझ्या तोंडाकडे बघू नको."

सरूनं महिना जाऊ दिला. मग एका रविवारी गेली आणि संध्याकाळी परतली. चंद्रावतीनं तिला भाकरी वाढली. दुधात बोट बुडवून बघणाऱ्या त्या बाईनं त्या संध्याकाळी एकही प्रश्न विचारला नाही. सरूनं आपण होऊनच सांगितलं, तो फार बोलत नाही, खोकतो. त्यानंतर ती मधूनमधून जायची. रघू दोन पावसाळे जगला.

मोरू दिवाळीनंतर गडबला परत आला. चंद्रावतीसाठी नाही, हैबतरावांनी गळ घातली म्हणून, आणि हे त्यानं तिला स्पष्ट सांगितलं. तिलाही ते बरं वाटलं. उगाच गोड बोलणारा माणूस तिला चालला नसता. दोघं एका स्वयंपाकघरात राबत राहिली. मोरू आता सरूविषयी विचारायचा तो सगळ्यांसमोर, मोठ्यानं. चंद्रावती त्याच्या रश्शात मीठ बरोबर आहे का ते चाखून बघायची, आणि तो बघू द्यायचा. टाकीच्या झाकणाची फट त्यानंच जाळी लावून बुजवली. बोयटं पुन्हा आणलीच नाहीत. काळुंद्र्या आणि ते दोन ठिपक्यांचे मासे जिताड्याबरोबर नीट नांदले. त्याची शेपटी भरून आली. तो वाढला, जाड झाला, आणि गिऱ्हाइकं विचारायला लागली की हा केवढ्याला देणार. हैबतराव दोनदा डगमगले. एकदा कुणी मोठा साहेब जेवायला येणार होता, तेव्हा चंद्रावती सकाळपासून टाकीला पाठ लावून उभी राहिली. मोरूनं हैबतरावांना सांगितलं की मी हा कापणार नाही, दुसरा आचारी बघा.

पुढे हायवे रुंद करायला घेतला आणि हॉटेलचा पुढचा भाग गेला. टाकी ठेवायला जागा उरली नाही. दिनानाथ काळुंद्र्या आणि ठिपक्यांचे मासे घेऊन गेला. त्याच्या दुकानात त्यांना कोणाबरोबर ठेवणार हे चंद्रावतीनं जाऊन बघून घेतलं, आणि एका टाकीला हरकतही घेतली. जिताड्याला पिंपात घालून ती आणि मोरू टेम्पोनं तिच्या माहेरच्या गावी गेली. तिथे बांधालगत गावतळं आहे, भरतीचं खारं पाणी त्यात येतं-जातं. तळ्यात इतर जिताडेही आहेत, पण तळं मोठं आहे. सोडल्यावर तो काठाशीच थांबला, टाकीतल्यासारखा, कोपरा शोधत असल्यासारखा. मोरू म्हणाला, चल गो, टेम्पोवाला खोळंबलाय. चंद्रावती म्हणाली, तो आत जाईपर्यंत थांबू. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कधीतरी तो वळला आणि खोल पाण्यात गेला.

सरूचं लग्न पुढच्याच वर्षी झालं. मुलगा तिच्याच कारखान्यातला, साच्याच्या कामावरचा. चंद्रावतीनं त्याच्याही गावी जाऊन चौकशी केली, शेजाऱ्यांना विचारलं, त्याच्या आईला तिच्याच ओसरीवर बसून नको ते प्रश्न विचारले. काही वावगं निघालं नाही. तरी लग्नाच्या आदल्या दिवशी ती मोरूला म्हणाली, "माणूस बरा दिसतोय. पण दिसतोय, एवढंच."

"मग नको म्हण," मोरू म्हणाला.

"नको कशाला," चंद्रावती म्हणाली. "होऊ दे." आणि ती वाटण वाटायला बसली.